साहसी गेममधला पैसा आणि ग्राइंडिंग: रंगत वाढते की रसभंग होतो?

बंदरवाट (धागाकर्ता)

निन्टेन्डोचा 'द विंड वेकर' ज्यांनी गेमक्यूब कन्सोलवर खेळला असेल, त्यांना टिंगल नावाचे पात्र नक्की आठवत असेल. खेळ शेवटाकडे आलेला असतो, कथेने वेग घेतलेला असतो, आणि नेमके तेव्हाच ट्रायफोर्स या दैवी वस्तूचे आठ तुकडे समुद्रतळातून वर काढण्याचे काम आपल्या अंगावर पडते. प्रत्येक तुकड्यासाठी आधी एक नकाशा शोधावा लागतो, आणि तो हाती आला तरी वाचता येत नाही. हिरव्या कपड्यांतला हा विक्षिप्त इसम तो उलगडून देतो आणि एका नकाशामागे ३९८ रुपी (खेळातले चलन) घेतो. आठ नकाशांचे ३,१८४ रुपी झाले. नकाशा मिळवण्याचे साहस संपलेले आहे, तुकडा उपसण्याचे साहस अजून व्हायचे आहे, आणि या दोहोंच्या मध्ये गवत कापून, मडकी फोडून, समुद्रातल्या पेट्या वर ओढून पैसे जमवण्याची निव्वळ मजुरी, म्हणजेच ग्राइंडिंग, बसवलेली आहे.

आता याच्या शेजारी १९९० सालचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' ठेवून पाहा. त्याचा नायक गायब्रश याच्याकडे सुरुवातीला दमडी नसते. सर्कसवाले दोघे भाऊ त्याला तोफेतून उडण्याचे ४७८ नाणी देऊ करतात, पण शिरस्त्राण असल्याशिवाय उडू देत नाहीत. आणि शिरस्त्राण म्हणून खानावळीच्या स्वयंपाकघरातले भांडे चालते, हे खेळणाऱ्याच्या ध्यानात यावे लागते. पुढे जहाज घ्यायचे असते आणि त्याची किंमत तर खिशातल्या पैशांच्या कितीतरी पट असते. इथे एखाद्याने तोफेतून पुन्हा पुन्हा उडायला लावले असते. मंकी आयलंड तसे करत नाही. दुकानदाराकडे जहाज उधारीवर मिळवून देणारे पतपत्र असते, ते तो तिजोरीत ठेवतो, आणि तिजोरी उघडताना तो दांडा कोणत्या क्रमाने ढकलतो व ओढतो हे आपण नीट पाहिलेले असेल, तर तो बाहेर गेल्यावर ती आपल्यालाही उघडता येते. पैशाची अडचण खरी आहे, तरीही ती सोडवायला डोळे लागतात, घाम लागत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की साहसी खेळात पैसा असावा की नसावा हा वाद व्यर्थ आहे. किंमत कोडे सुटण्याच्या आधी उभी आहे की नंतर, एवढेच पाहावे. आधी असेल तर ती कोड्याचाच भाग होते. नंतर असेल तर खेळाने आपल्याला उत्तीर्ण करून वर पुन्हा हजेरी भरायला लावल्यासारखे होते. २०१३ साली वी यू कन्सोलसाठी विंड वेकरची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा आठपैकी पाच तुकडे थेट मिळू लागले आणि टिंगलकडे फक्त तीन नकाशे नेण्याचे उरले. ही दुरुस्ती खुद्द निर्मात्यांना करावीशी वाटली, यातच बरेच काही आले.

सभासदांची मते वाचायला आवडतील. पैसे लावून खेळायचे गेम आणि ऑनलाइन बाजार यांवर कृपया वेगळा धागा काढावा, नाहीतर चर्चा तिकडेच वाहवत जाईल.

घोरपड

टिंगलला नावे ठेवणे सोपे आहे, पण एक गोष्ट आपण सोडून दिलीत. ज्याने वाटेतली बेटे पाहिली, पाण्यावर चमकणाऱ्या कड्यांपाशी थांबून पेट्या उपसल्या, खजिन्याचे नकाशे वापरले, त्याच्याकडे तोवर हे पैसे आपोआप जमलेले असतात. ज्याने होडी सरळ एका डंजनकडून (कोड्यांनी आणि शत्रूंनी भरलेल्या भुयाराकडून) दुसऱ्या डंजनकडे हाकली, त्यालाच मजुरी करावी लागते. समुद्र हा ज्या खेळाचा गाभा आहे, त्याने समुद्र पाहिला की नाही हे शेवटी एकदा तपासले, तर त्यात इतके रागावण्यासारखे काय आहे?

अवांतर: स्विच २ वर गेमक्यूबची जी मूळ आवृत्ती मिळते, तीत आठही नकाशे पूर्वीप्रमाणेच आहेत. नव्या पिढीलाही टिंगलचा लाभ होणार आहे.

जुनी_डिस्क

धाग्याचा विषय आवडला. आमच्या काळातल्या सिएरा कंपनीच्या खेळांत दोन्ही प्रकार एकाच छपराखाली नांदत होते, म्हणून त्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

'स्पेस क्वेस्ट'च्या पहिल्या भागात (१९८६) यान विकत घ्यायला पैसे लागतात आणि ते मिळवण्याचा मार्ग म्हणजे दारूच्या गुत्त्यातले जुगाराचे यंत्र. ठरावीक चिन्हे जुळली तर हे यंत्र थेट किरण सोडून तुम्हाला भस्म करते. परिणाम काय होतो, तर माणूस एक डाव खेळतो, जिंकला तर सेव्ह करतो, हरला किंवा मेला तर जुनी सेव्ह उघडतो, आणि पुरेसे पैसे होईपर्यंत हेच चालू ठेवतो. यात ना युक्ती आहे, ना धोका, कारण सेव्ह करून ठेवलेल्या माणसाला मरणाचे भय कसले? पुढे १९९१ च्या नव्या आवृत्तीत लोहचुंबक लावून यंत्राला फसवण्याची सोय आली. बंदरवाट यांच्या भाषेत सांगायचे तर मजुरीचे कोडे झाले.

त्याउलट लोरी व कोरी कोल या दांपत्याचा 'क्वेस्ट फॉर ग्लोरी' (१९८९, पहिले नाव 'हीरोज क्वेस्ट') घ्या. तो उघडउघड ग्राइंडिंगवर उभा आहे. दगड फेकत राहिलात तर नेम सुधारतो, झाडावर चढत राहिलात तर चढण्याचे कौशल्य वाढते, आणि पैसे हवे असतील तर किल्ल्यातला तबेला साफ करून थोडी चांदीची नाणी पदरात पाडून घेता येतात. हे सगळे पुनःपुन्हा करायचे असूनही मला कधी जाच वाटला नाही. त्याचे कारण मला असे दिसते की एकाच अडचणीला तिथे किमान तीन वाटा आहेत. औषधे देणाऱ्या वैदूबाईच्या घराबाहेरच्या झाडावरच्या घरट्यातली अंगठी योद्धा दगड मारून पाडतो, चोर चढून काढतो, जादूगार मंत्राने आणतो. ज्याला चढण्याचा कंटाळा आहे त्याने दगड मारावा. सराव हा दंड न राहता आपण कोण आहोत हे ठरवण्याचे साधन होतो.

म्हणून 'आधी की नंतर' ही आपली कसोटी मला अपुरी वाटते. दुसरी वाट आहे की नाही, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

मुक्काम_नाशिक

वरच्या तिन्ही प्रतिसादांत एक गृहीतक आहे की मजुरी म्हणजे वाईटच. मी त्याला विरोध नोंदवतो.

'शेनमू' (१९९९) हा यू सुझुकी यांचा खेळ योकोसुका या बंदराच्या गावात १९८६ च्या हिवाळ्यात घडतो. वडिलांच्या खुन्याचा माग काढणारा र्यो हा तरुण कथेच्या उत्तरार्धात बंदरावर फोर्कलिफ्ट चालवण्याची नोकरी धरतो. रोज सकाळी हजेरी, मग फोर्कलिफ्टची शर्यत, मग एका गोदामातून पेट्या उचलून दुसऱ्या गोदामात नेणे, जेवणाची सुट्टी, पुन्हा पेट्या, आणि संध्याकाळी हातावर पगार. ठरलेल्यापेक्षा जास्त पेट्या नेल्या तर वरकड पैसे. कोणत्याही व्याख्येने हे ग्राइंडिंग आहे आणि त्याला दुसरी वाट नाही. तरीही ज्यांनी तो खेळ मनापासून खेळला, त्यांना आज विचारा. खुन्याशी झालेल्या झटापटीपेक्षा ते गोदाम क्रमांक त्यांना अधिक ठळक आठवतात.

असे का व्हावे? कारण त्या कामातून बंदर कळते. कोणता रस्ता कुठे निघतो, कोणत्या कोपऱ्यावर वळताना पेटी धडकते, जेवणाच्या वेळी कोण कुठे बसतो, गुंडांची टोळी कामगारांना कशी छळते, हे सर्व तिथे रोज जाऊनच समजते. पुढे त्याच बंदरात टोळीशी निकराची लढाई होते, तेव्हा आपण अनोळखी जागी लढत नसतो. आपल्या कामाच्या जागेवर लढत असतो. एखाद्या ठिकाणी राहणे आणि ते पाहून येणे यांत जो फरक आहे, तो पुनरावृत्तीनेच पडतो, आणि पुनरावृत्तीला सरसकट वगळणारा साहसी खेळ मला पर्यटकांच्या बससारखा वाटतो.

बंदरवाट

नाशिककर, फोर्कलिफ्टचा मुद्दा मान्य आहे, आणि तो माझ्या कसोटीत बसत नाही हेही उघड आहे. परंतु त्याच मालिकेने त्याच युक्तीची पुढे काय गत केली, तेही पाहायला हवे. 'शेनमू ३' (२०१९) मध्ये लाकडे फोडायची, वनस्पती गोळा करून विकायच्या, आणि त्याशिवाय शरीराची ऊर्जा सतत घटत असल्याने जेवण विकत घेत राहायचे, अशी व्यवस्था आहे. धावले तरी ऊर्जा जाते. गावातल्या एका गुरूला महागडी जुनी दारू आणून द्यायची असते, म्हणून कथा जागच्या जागी थांबते आणि आपण लाकडे फोडत बसतो. बंदरावरच्या कामाने जसे माणसांचे जग उघडले, तसे लाकूड फोडण्याने काहीच उघडत नाही. ओंडका येतो, कुऱ्हाड पडते, पुढचा ओंडका येतो. मजुरी दोन्हीकडे आहे, पण एका मजुरीच्या आजूबाजूला माणसे आहेत आणि दुसरीच्या आजूबाजूला काही नाही.

तिसरी_घंटा

आतापर्यंत सर्वांनी पैसे मिळवण्याविषयी लिहिले, गमावण्याविषयी कोणी लिहिले नाही. माझ्या मते साहसी खेळाची खरी परीक्षा तिथे होते.

'हॉलो नाइट' (२०१७) या किड्यांच्या जगातल्या खेळात मेल्यावर आपल्याजवळचे सगळे जिओ (तिथले चलन) आपल्याच सावलीकडे राहतात. सावली जिथे मेलो तिथे उभी असते, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी पुन्हा मेलो तर ते पैसे कायमचे जातात. सुरुवातीच्या काळात डर्टमाउथ गावात स्लाय या दुकानदाराकडे १,८०० जिओला एक कंदील असतो, ज्याच्याशिवाय अंधाऱ्या भागांत फिरणे जवळजवळ अशक्य असते. त्या वेळी ही रक्कम डोंगराएवढी वाटते. गंमत अशी की याच भीतीपोटी खेळणारा अनोळखी वाटा टाळून सोप्या किड्यांच्या मागे हिंडू लागतो, म्हणजे शोधाचा खेळ शोध घेण्यालाच शिक्षा देतो. त्यातच मिलिबेल नावाची एक सावकारीण भेटते. तिच्या बँकेत पैसे ठेवता येतात, आणि ठेव बरीच मोठी झाली की ती सगळे घेऊन पसार होते! नंतर ती एका आलिशान स्नानगृहात सापडते आणि तिला तडाखे दिले की पैसे परत मिळतात. अख्ख्या खेळात पैशाचा इतका चतुर उपयोग दुसरा नाही, कारण इथे पैसा गमावणे हीच एक गोष्ट होते.

त्याचाच पुढचा भाग असलेल्या, २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या 'सिल्कसाँग'मध्ये हा प्रश्न आणखी तीव्र झाला. तिथे जपमाळेचे मणी हेच चलन आहे, आणि विसाव्याची काही बाकडीसुद्धा मणी मोजल्याशिवाय उघडत नाहीत. रानटी किडे मारून मणी मिळत नाहीत, ते फक्त यात्रेकरूंसारख्या सुसंस्कृत किड्यांजवळ असतात. कथेच्या दृष्टीने हे फार नेमके आहे, कारण त्या राज्यात वर बसलेले धर्मपीठ खालून चढणाऱ्या भाविकांना पायरीपायरीवर नागवत असते, आणि टोल भरताना तो अन्याय आपल्यालाही बोचतो. परंतु बॉसकडून, म्हणजे एखाद्या बलाढ्य शत्रूकडून, मार खाऊन आलेल्या माणसाला बाकड्यावर बसायला पैसे नाहीत, तेव्हा त्याला धर्मपीठाचा राग येत नाही, गेमचा येतो. प्रकाशनानंतर लवकरच आलेल्या पहिल्या सुधारणेत मधल्या टप्प्यावरच्या बाकड्यांच्या किमती किंचित उतरवण्यात आल्या आणि काही कामांचे मोबदले वाढवले गेले. आशय योग्य असूनही आकडा चुकू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शिडात_वारा

मी याच व्यवसायात आहे, म्हणून आतल्या बाजूने थोडे लिहितो. खेळातली अर्थव्यवस्था आखताना आम्ही दोन याद्या करतो: पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो. ऑनलाइन खेळात हजारो लोक एकाच बाजारात असल्याने येणारा ओघ जास्त झाला तर महागाई होते. एकट्याच्या साहसी खेळात महागाई होत नाही, कारण दुकानदाराचे भाव ठरलेले असतात. तिथे त्याऐवजी दुसरा रोग जडतो, तो म्हणजे पैसा निरुपयोगी होणे. विंड वेकरच्याच मालिकेतल्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस' (२००६) च्या मूळ आवृत्तीत पाकीट भरलेले असताना पेटी उघडली, तर नायक लिंक त्यातले रुपी चक्क परत आत ठेवत असे. अवघड कोडे सोडवून पेटीपर्यंत पोहोचायचे आणि बक्षीस घेता येत नाही म्हणून झाकण लावायचे! पैसा मुरवायला जागा नव्हती, त्याचा हा पुरावा आहे. त्याच खेळात चालताना रुपी खाणारे एक चिलखत आहे. ते घातले की शत्रूचे घाव अंगाला लागत नाहीत, पाकिटाला लागतात. कल्पना उत्तम होती, पण हा उपाय फार उशिरा हाती येतो.

निर्मात्यांच्या बाजूने आणखी एक कबुली द्यायला हवी. डंजन बांधायला माणसे आणि महिने लागतात. किंमत वाढवायला एका तक्त्यातला आकडा बदलणे पुरते. विंड वेकरमधली काही डंजने वेळेअभावी वगळली गेली, हे त्या खेळाचे दिग्दर्शक एइजी अओनुमा यांनी पुढे मान्य केले आहे. नकाशांची ती लांबलचक शोधमोहीम ज्या जागी आहे, ती जागा पाहिली की मला तिथे पोकळी भरून काढल्यासारखे वाटते. हा माझा तर्क आहे, एवढे स्पष्ट करतो.

घोरपड

आणि आकडा बदलणे इतके सोपे असेल, तर तो मुद्दाम चढा ठेवून उतारा विकणेही तितकेच सोपे. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) मध्ये कथेच्या पुढच्या टप्प्यासाठी लेव्हल कमी पडते, आणि गेमच्याच दुकानात अनुभवाचे गुण कायमचे दीडपट करणारी वस्तू खऱ्या पैशांत मिळते. ग्रीसचा तो समुद्र आणि ती बेटे अप्रतिम आहेत. पण लेव्हल कमी आहे म्हणून जेव्हा मी एखादे फुटकळ काम करतो, तेव्हा ते काम कथेला हवे होते की दुकानाला, ही शंका मनातून जात नाही. 'शॅडो ऑफ वॉर' (२०१७) ने तर अखेर २०१८ च्या जुलैमध्ये आपले दुकानच बंद केले आणि शेवटचा कंटाळवाणा भाग आटोपशीर केला. तोवर बहुतेकांनी खेळ अर्धवट सोडलेला असणार.

चौथी_खोली

सर्व ज्येष्ठांचे प्रतिसाद वाचले. मी विद्यार्थी आहे आणि मला थोडे वेगळे सांगायचे आहे. नवा मोठा गेम आपल्याकडे साधारण ५,००० रुपयांना पडतो. वर्षाकाठी असा एखादाच घेता येत असेल, तर तो लवकर संपू नये असेच वाटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) मला मनापासून आवडला. भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी धाटणीच्या इमारती, ना दुकान ना नाणी, एकसंध कथा. पण तो थोड्या बैठकींत संपला तेव्हा वाईट वाटले, आणि मी त्याच्याहून कितीतरी सामान्य दर्जाचा एक गेम केवळ चिलखताच्या सुधारणांसाठी महिनोन्महिने खेळत राहिलो. ग्राइंडिंग चांगले आहे असे मी म्हणत नाही, परंतु ज्यांच्याकडे वेळ आहे आणि पैसे नाहीत त्यांना त्याचा आधार वाटतो, हे ज्यांच्याकडे पैसे आहेत आणि वेळ नाही त्यांनी ध्यानात घ्यावे.

बंदरवाट

चौथी खोली, हा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता आणि तो रास्त आहे. फक्त लांबी आणि ग्राइंडिंग यांची गाठ अटळ नाही, एवढेच सुचवतो. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) शेकडो तास पुरतो, आणि त्यात गवत कापून श्रीमंत होण्याची सोय जवळजवळ काढून टाकली आहे. पैसे हवेत तर रत्ने शोधून विका, नाहीतर शिकार करून, रांधून विका. थंडीचे उदाहरण पाहा. बर्फाळ डोंगरावर जायचे तर रिटो गावात पिसांचा उबदार पोशाख विकत मिळतो आणि तो स्वस्त नाही. पण तिखट मिरच्या घालून शिजवलेले अन्न खाल्ले तरी थंडी सोसते, पेटती मशाल हातात धरली तरी काही काळ निभावते, आणि सुरुवातीच्या पठारावरच्या म्हाताऱ्याला त्याची विसरलेली पाककृती सांगितली तर तो स्वतःचा उबदार सदरा देतो. जुनी डिस्क यांनी जी दुसरी वाट मागितली होती, ती इथे चौपदरी झाली आहे. त्याच खेळात चौथ्या परीला जागे करायला मात्र १०,००० रुपी लागतात आणि तिथे वाट एकच आहे. ती परी झोपलेली राहिली तरी कथा अडत नाही, म्हणून ते मला खटकत नाही.

तिसरी_घंटा

एका खेळाचा उल्लेख राहिला आहे, तो केल्याशिवाय हा धागा मला अपुरा वाटेल. 'डिस्को एलिझियम' (२०१९) मध्ये आपण स्मृती गेलेले, दारूत बुडालेले पोलीस अधिकारी असतो. सकाळी जाग येते तेव्हा खोलीची नासधूस झालेली असते आणि खानावळीचा व्यवस्थापक १३० रेआलची भरपाई मागतो. खिशात जवळपास काही नसते. मग रस्त्यावरच्या रिकाम्या बाटल्या दिसू लागतात. एक पिवळी प्लास्टिकची पिशवी मिळते, ती हातात धरून अधिकारी महाशय खुनाचा तपास करता करता बाटल्या वेचतात आणि किराणा दुकानात त्या परत देऊन सुटे पैसे घेतात. शेजारी किम कित्सुरागी हा शिस्तीचा सहकारी उभा असतो. तो फारसे बोलत नाही, पण आपल्याला लाज वाटते.

नुसते हिशेबाने पाहिले तर हे गवत कापण्यापेक्षा वेगळे नाही. बाटल्यांचे पैसे इतके किरकोळ आहेत की त्यांवर १३० रेआल जमवणे जिकिरीचे होते, आणि म्हणून आपण दुसरे मार्ग पाहू लागतो. काही वस्तू गहाण टाकता येतात. एका श्रीमंत बाईपुढे हात पसरता येतो, आणि ती पैसे देते, पण त्यानंतर तिला प्रश्न विचारताना आपला आवाज तसा राहत नाही. नाशिककरांच्या फोर्कलिफ्टने बंदर कळले. या पिशवीने आपला माणूस कळतो.

घोरपड

सहमत, पण दोनतीन दिवसांनी खिशात पुरेसे पैसे खुळखुळू लागतात आणि बाटल्यांकडे ढुंकूनही पाहावेसे वाटत नाही. शिडात वारा यांनी सांगितलेला रोग तिथेही आहेच.

तिसरी_घंटा

आहे. तरी मी शेवटपर्यंत बाटल्या वेचत राहिले. पिशवी हातात असली की किमच्या चेहऱ्यावरचे भाव निराळे असल्याचा मला भास होत असे.